साडेसतरा तासांचा उपास: नागपूरच्या एका धावपटूचे प्रकरण

नोव्हेंबरमध्ये तिने ५००० मीटर अंतर १८ मिनिटे ५२ सेकंदांत कापले होते, आणि मार्चमध्ये त्याच अंतराला तिला १९ मिनिटे ४१ सेकंद लागले. या चार महिन्यांत सराव कमी झाला नव्हता. आठवड्याला ६२ किलोमीटरवरून तो ८४ वर गेला होता. वजनही ५० किलोवरून ४६ वर उतरले होते. मैदानावरच्या समजुतीप्रमाणे या दोन्ही गोष्टींनी वेळ सुधारायला हवी होती. ती बिघडली, म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे प्रशिक्षक तिला माझ्याकडे घेऊन आले. ‘हिच्या डाएटमध्ये काही कमी असेल तर तेवढं बघा मॅडम, मेहनतीचं मी पाहतो,’ असे ते म्हणाले. हे प्रकरण मी दोघांच्या संमतीने लिहीत आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलगी २० वर्षांची, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, मूळची भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. घरी धानाची शेती. नागपुरात झिंगाबाई टाकळीला वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या छताच्या खोलीत ती आणखी दोघींसोबत राहते आणि दोन वेळचा डबा मेसमधून लावते. आठवड्यातून दोनदा मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातल्या सिंथेटिक ट्रॅकवर वेगाचा सराव, रविवारी सेमिनरी हिल्सच्या चढउतारावरून फुटाळ्यापर्यंत लांब पल्ल्याची धाव, इतर दिवशी रस्त्यावर, आणि तीन संध्याकाळी जिममध्ये ताकदीचे व्यायाम, असा तिचा आठवडा होता.

पहिल्या भेटीत तिने सांगितलेल्या तक्रारी अगदी साध्या होत्या. चौथ्या फेरीनंतर पाय जड होतात, दुपारी वर्गात झोप येते आणि रात्री मात्र लागत नाही, जिना चढताना धाप लागते. उजव्या नडगीत ‘थोडंसं’ दुखते, पण धावून अंग गरम झाले की कळत नाही. खाण्याबद्दल विचारल्यावर तिचे उत्तर ठाम होते: ‘मॅडम, मी तर पोटभर खाऊन राहिली ना.’ ती खोटे बोलत नव्हती, हे पुढे कळले. वजन मुद्दाम उतरवले का, या प्रश्नावर ती थोडी घुटमळली. एका सीनियर मुलीने सांगितले होते की वजन उतरले की टायमिंग उतरते, म्हणून डिसेंबरपासून तिने भात सोडला होता. भंडाऱ्याच्या मुलीने भात सोडणे ही लहान गोष्ट नाही.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, ती आधीच नोंदवते. माझ्या माहितीपत्रकात मासिक पाळीचा एक रकाना आहे. तिने तो कोरा ठेवला होता. प्रशिक्षक समोर बसलेले असल्यामुळे मी त्याविषयी विचारले नाही, आणि ते गेल्यानंतर विचारायचे राहून गेले. चेहरा फिकट, धाप लागते, चहा भरपूर, एवढ्यावरून मी लोहाची कमतरता गृहीत धरली, रक्ततपासणी लिहून दिली, तीन दिवसांचा आहार तासागणिक लिहून आणायला सांगितले आणि तिला पाठवले. या कोऱ्या रकान्याने बारा दिवस खाल्ले, आणि त्या बारा दिवसांत ती त्याच नडगीवर धावत राहिली.

एका दिवसाचा हिशेब

आहाराची वही नुसती वाचून समजत नाही, म्हणून मी एका सकाळी साडेपाचला संकुलात जाऊन बसले. तेव्हाच बिनउन्हाची हवा कोमट होती. धावण्याआधी तिचे वजन ४५.९ किलो भरले. ६५ मिनिटांत १२ किलोमीटर धावून, मध्ये २०० मिलिलीटर पाणी पिऊन, ते ४५.० झाले. म्हणजे तासाभराच्या धावण्यात साधारण १.१ लीटर घाम गेला होता. घोटभर पाण्याव्यतिरिक्त पहाटेपासून पोटात काही नव्हते. सराव संपल्यावर सगळी मुले टपरीकडे गेली. तिने एक चहा घेतला, त्यात चार बिस्किटे बुडवली, आणि पर्समधून लोहाच्या गोळ्यांची पट्टी काढून त्याच चहाबरोबर एक गोळी गिळली. ती गोळी गावाकडच्या आरोग्य केंद्रातून मिळालेली होती आणि ती दोन महिन्यांपासून नियमाने घेत होती. चहातली टॅनिन द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात आणि ते आतड्यातून नीट शोषले जात नाही. तिचा नेम चोख होता, फक्त उपयोग होत नव्हता.

मग खोलीवर जाऊन आंघोळ, कॉलेज, आणि दुपारी दीडला डबा. तीन पोळ्या, एक भाजी, पातळ वरण, भात. त्यातला भात ती मैत्रिणीला देत असे. नंतर चहा. साडेपाचला जिम, आणि रात्री आठला दुसरा डबा, पुन्हा भाताशिवाय. प्रत्येक जेवण तिने खरोखरच पोटभर केले होते, त्यामुळे ‘पोटभर खाते’ हे तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मात्र रात्री आठचे जेवण आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दीडचे जेवण यांच्यामध्ये साडेसतरा तास जात होते, त्यात एक चहा आणि चार बिस्किटे, म्हणजे जेमतेम १८० किलोकॅलरी होत्या, आणि त्याच साडेसतरा तासांत ती १२ किलोमीटर धावत होती.

तीन दिवसांची सरासरी १६६० किलोकॅलरी निघाली. प्रथिने ४२ ग्रॅम. सपाटीवर धावताना माणसाला दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, ढोबळमानाने एक किलोकॅलरी लागते. त्या हिशेबाने १२ किलोमीटरचे सुमारे ५५० आणि जिमचे ७० धरून व्यायामाचा खर्च ६२० झाला. उरलेल्या १०४० किलोकॅलरीत हृदय, मेंदू, हाडे, संप्रेरके, शरीराचे तापमान, सगळे भागवायचे. त्वचेच्या घडीच्या मापांवरून तिचे चरबीविरहित वजन सुमारे ३८ किलो येत होते, म्हणजे दर किलोला २७ किलोकॅलरी. निरोगी तरुण स्त्रीसाठी हा आकडा ४५ च्या आसपास असावा लागतो. २००३ साली अ‍ॅन लाउक्स या अमेरिकी संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यासह तरुण स्त्रियांना पाच पाच दिवस मोजून आहार देऊन दाखवले होते, की हा आकडा ३० च्या खाली गेला की मेंदूकडून बीजांडकोशाला जाणाऱ्या संप्रेरकांच्या स्पंदनांची लय बिघडते. अवघ्या पाच दिवसांत. ३० ही काही लक्ष्मणरेषा नाही, व्यक्तीव्यक्तीत फरक पडतो, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०२३ च्या निवेदनातही एकाच आकड्यावर भिस्त ठेवलेली नाही. पण इथे पाच दिवस नव्हे, चार-पाच महिने गेले होते.

दुसऱ्या भेटीला मी तिला एकटीलाच बोलावले. पाळीबद्दल विचारले तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, ‘नोव्हेंबरपासून नाही आली. बरंच आहे ना मॅडम, सरावाला अडचण नाही.’ मधल्या काळात एका डॉक्टरांनी पाळी ‘आणण्यासाठी’ गोळ्या दिल्या होत्या, त्याने एकदा रक्तस्राव झाला आणि पुन्हा बंद. मैदानावर हे कोणी विचारत नाही आणि मुली सांगत नाहीत. तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ पाळी थांबणे म्हणजे शरीराने काटकसर सुरू केल्याची खूण असू शकते, ही गोष्ट प्रशिक्षणाच्या वहीत वेळेइतक्याच ठळकपणे लिहिली जायला हवी. याच भेटीत तिला मी उजव्या पायावर एकटीने उडी मारायला सांगितले. दुसऱ्या उडीला तिने ओठ चावला. नडगीच्या आतल्या कडेवर बोटभर जागेत दाबले की कळ येत होती. पसरलेले दुखणे असते तर स्नायूंच्या ओढीचा संशय घेता आला असता, पण बोटाने दाखवता येणारे दुखणे हाडाचे समजून चालावे.

तपासण्या

हिमोग्लोबिन ११.४, फेरीटिन ९, ड जीवनसत्त्व १४, तिन्ही कमी. पाळी थांबण्याची इतर कारणेही तपासली: थायरॉइड व प्रोलॅक्टिन ही संप्रेरके ठीक, गर्भधारणेची चाचणी नकारात्मक. शरीरातला लोहाचा साठा फेरीटिनवरून कळतो, आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये ३५ च्या खालचा आकडाही बहुतेक क्रीडावैद्यक तज्ज्ञ कमीच मानतात. ९ म्हणजे कोठार झाडून काढलेले. विदर्भात, त्यातही भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या खेळाडूचे रक्त कमी निघाले तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. वाहक व्यक्ती बहुधा पूर्ण निरोगी आयुष्य जगते, परंतु तीव्र उष्म्यात, पाणी कमी पडले असताना एकदम जोर लावला तर क्वचित स्नायूंना गंभीर इजा होऊन जिवावर बेतू शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात धावणाऱ्याला हे आधी माहीत असलेले बरे. तिची तपासणी नकारात्मक आली.

अस्थिरोगतज्ज्ञांनी काढलेला एक्स-रे स्वच्छ होता. सुरुवातीच्या आठवड्यांत तो तसाच असतो, आणि त्यावर विसंबून कित्येक मुलांना पुन्हा मैदानात पाठवले जाते. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाच्या आतल्या-मागच्या कडेला हाडाच्या आवरणाला आणि मज्जेला सूज दिसली. भेग पडलेली नव्हती. सततच्या आघाताने हाडाचे सूक्ष्म भाग झिजतात आणि शरीर ते आधी खरवडून काढते, मग नवे भरते. खरवडण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला महिने लागतात. इस्ट्रोजेन, म्हणजे हाडे राखणारे स्त्री-संप्रेरक, उतरलेले आणि ऊर्जा तुटपुंजी असली की खरवडणे चालू राहते व भरणे रखडते, आणि त्यात कोणी आठवड्याचे अंतर ६२ वरून ८४ वर नेले तर काय होणार, हे वेगळे सांगायला नको.

प्रशिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण मला ते अन्यायाचे वाटते. वेळ बिघडली, त्यांना मेहनत कमी वाटली, त्यांनी मेहनत वाढवली. त्यांच्या हातात घड्याळाखेरीज दुसरे मोजमाप नव्हते. सकाळची नाडी ४६ होती, तीही त्यांनी उत्तम दमाचे लक्षण म्हणून लिहून ठेवली होती. एरवी ते तसे असतेही. उपासमार झालेल्या शरीराची नाडीदेखील मंदावते, आणि नुसत्या आकड्यावरून या दोहोंतला फरक कळत नाही.

काय केले

स्त्रीरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, प्रशिक्षक आणि मी, असे आम्ही चौघांनी एकत्र बसून ठरवले. सहा आठवडे धावणे पूर्ण बंद. दुखल्याशिवाय चालता येऊ लागले की आठवड्यातून चार दिवस ४० मिनिटे बसून चालवायची सायकल. पाळीसाठी गर्भनिरोधक गोळ्या द्यायच्या नाहीत, कारण त्यांनी येणारा रक्तस्राव गोळीमुळे येतो, शरीर सावरल्यामुळे नव्हे, आणि आपल्याला जी खूण हवी आहे तीच झाकली जाते. लोह दिवसाआड, पहाटे, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, चहा-दुधापासून दोन तास दूर. दिवसाआड घेण्याचे कारण असे की एक मात्रा घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते दुसऱ्या दिवशीच्या लोहाची वाट अडवते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या स्विस अभ्यासात दिवसाआड घेणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात लोह अधिक प्रमाणात शोषले गेल्याचे दिसले होते. कडक व्यायामानंतरही तीन ते सहा तासांत हेच हेप्सिडिन चढते, म्हणून पुढे धावणे सुरू झाल्यावरसुद्धा गोळीची वेळ पहाटेचीच ठेवली.

आहाराचे लक्ष्य २३०० किलोकॅलरी आणि ७५ ग्रॅमच्या पुढे प्रथिने असे ठेवले. तिचा पहिला प्रश्न होता, ‘पळायचंच नाही तर एवढं खायचं कशाला?’ बहुतेक जखमी खेळाडू विश्रांतीत जेवण कमी करतात आणि हाड भरायच्या वेळीच त्याचा माल तोडतात. तिला मी तिच्या वडिलांच्या शेतातला दाखला दिला: रोवणी झाली म्हणून कोणी बांधीचे पाणी तोडत नाही.

मेसचा डबा बदलणे आमच्या हातात नव्हते, आणि खिशात महिन्याला मोजके पैसे. तेव्हा आम्ही डब्याला हात न लावता साडेसतरा तासांच्या त्या पोकळीकडे लक्ष दिले. सरावाआधी दोन केळी. सराव संपताच, मैदानातच, सातू. तिची आई दर उन्हाळ्यात गहू आणि चण्याची डाळ भाजून सातूचे पीठ करतेच. ६० ग्रॅम पीठ आणि २० ग्रॅम गूळ स्टीलच्या डब्यात भरून न्यायचा आणि टपरीवरून पाव लीटर दूध घेऊन त्यात कालवायचे. यात सुमारे ४५० किलोकॅलरी आणि १६-१७ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि बाजारातल्या कुठल्याही महागड्या डब्याची गरज राहत नाही. दहाच्या सुमारास दोन उकडलेली अंडी. दुपारी भात परत, वरणावर जवसाची चटणी. जिमच्या आधी मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि गूळ. चहा जेवणानंतर दीड तासाने. हे सगळे दिवसाला साधारण ६० रुपयांत बसले.

सोमवारचा उपास ती सोडायला तयार नव्हती, आणि तो सोडायला लावणे माझे कामही नव्हते. अडचण एवढीच होती की सर्वांत लांब धाव रविवारी आणि सर्वांत कमी खाणे सोमवारी, म्हणजे झीज भरून काढायच्या दिवशीच हात आखडता. राजगिऱ्याची लाही दुधात, उकडलेली रताळी, शेंगदाण्याची आमटी आणि भगर यांनी सोमवारही इतर दिवसांइतकाच भरला, आणि तिच्या देवाचीही तक्रार आली नाही.

झोपेचा प्रश्न वेगळ्याच ठिकाणी सुटला. पत्र्याखालची खोली, मे महिना, तिघींत एक कूलर. रात्री दोनच्या सुमारास त्याची टाकी रिकामी व्हायची, पंखा कोरड्या ताट्यांतून गरम हवा फेकू लागायचा आणि तिघीही जाग्या. साडेचारला पुन्हा उठायचे, म्हणजे झोप साडेचार तासांचीही नाही. घरमालकांना विनंती करून छतावरच्या टाकीची नळी कूलरला जोडून फ्लोट बसवला आणि झोपायची वेळ बारावरून दहावर आणली. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या, दिवसांतही ती सलग साडेसहा तास झोपू लागली. दुपारची पाऊण तासाची झोप वेगळी. या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय कोणता, असे कोणी विचारले तर मी त्या फ्लोटचे नाव घेईन.

पुढचे महिने

सगळे सरळ झाले नाही. तिसऱ्या आठवड्यात वजन १.२ किलोने वाढले आणि ती घाबरली. मैत्रिणीने ‘गाल भरले’ असे म्हटल्यावर दोन दिवस सातूचा डबा खोलीवरच राहिला. माझ्याकडे येण्याच्या दिवशी ती पाणीही न पिता येते, हेही याच सुमारास लक्षात आले. दर भेटीला काट्यावर उभे करण्याची माझी सवय तिला त्रासाची ठरत होती. तो काटा मी कपाटात ठेवला आणि महिन्यातून एकदाच, आकडा तिला न दाखवता, वजन घेऊ लागले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे, अशा सहा आवर्तनांनी मैदान पुन्हा सुरू झाले. पाऊस लागल्यावर, हवा गार झाल्याच्या आनंदात, तिने कोणालाही न विचारता गोधनीच्या रस्त्यावर सलग आठ किलोमीटर धाव काढली, आणि नडगी दुसऱ्या दिवशी बोलली. दहा दिवस पुन्हा सायकल. त्यानंतर मात्र तिने वहीतल्या आकड्याबाहेर पाऊल टाकले नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाळी आली, आपणहून. तिने सकाळी सात वाजता फोन करून हे कळवले, आणि वेळ सुधारल्याची बातमी द्यावी तशा आवाजात कळवले. त्याच महिन्यात हिमोग्लोबिन १२.४, फेरीटिन ३१. ३५ अजून गाठायचे होते, म्हणून गोळी चालू ठेवली. वजन ४९ किलो.

प्रशिक्षकांनी मध्यंतरी एक गोष्ट स्वतःहून केली. त्यांच्याकडे पोलिस भरतीच्या ८०० मीटरची तयारी करणाऱ्या बऱ्याच मुली आहेत, आणि त्याही पहाटे उपाशीपोटी धावून चहावर परत जातात. आता सरावानंतर दहा मिनिटे सगळ्यांनी डबा उघडून खायचे, त्याशिवाय मैदान सोडायचे नाही, असा त्यांनी नियम केला आहे. पाळीच्या नोंदीचे काम एका सीनियर मुलीकडे दिले आहे. तीच, जिने भात सोडायचा सल्ला दिला होता.

डिसेंबरमध्ये ५००० मीटरला तिला १८ मिनिटे ४० सेकंद लागले, आठवड्याला ६८ किलोमीटरच्या सरावावर. त्यापुढे अंतर वाढवायचे की नाही, हे फेब्रुवारीतल्या रक्ततपासणीनंतर ठरवायचे आहे. प्रशिक्षकांना ७५ हवे आहे, मला थांबावेसे वाटते, आणि तिने अजून आपले मत सांगितलेले नाही.